पतंगांची मोजदाद

मराठी भाषेने फुलपाखराला जितके लाडके नाव दिले, तितके त्याच्या रात्रीच्या भावंडाला दिलेले नाही. दिवसा उडते ते फुलपाखरू. रात्री दिव्यावर येते ते नुसते पाखरू, किडा, किंवा फार झाले तर पतंग. आणि पतंग म्हटले की आपल्याला संक्रांतीचा कागदी पतंग आधी आठवतो! कवींनी त्याला ज्योतीवर जाळले, गृहिणींनी कसर म्हणून कपड्यांच्या पेटीतून झाडून टाकले. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रातही त्याचे भाग्य निराळे नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात तो येतो तो पृथ्वीवरील संपत्तीचा नाश करणारी कसर म्हणूनच. वस्तुतः हे घराणे फुलपाखरांच्या घराण्याहून कितीतरी मोठे आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आसपास भरतात. पतंगांच्या जाती दहा हजारांहून अधिक आहेत. या मोठ्या घराण्याची शिरगणती कोणी आरंभली, ती रात्रीच्या अंधारात कशी चालते, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या आमच्या संत्र्याकपाशीच्या मुलखाशी तिचा काय संबंध, हे आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे या कामाला रीतसर आरंभ झाला तो मुंबईत. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. या आठांत दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. उरलेल्यांत कर्नल चार्ल्स स्विन्हो नावाचे लष्करी अधिकारी होते. कवायत आणि कचेरी आटोपली की या गृहस्थांचा दुसरा दिवस सुरू होई, आणि तो रात्री सुरू होई. मुंबई, पुणे, कराची, महू, जेथे जेथे पलटणीबरोबर मुक्काम पडला तेथे तेथे त्यांनी पतंग जमविले. 1885 साली मुंबई आणि दख्खन येथील फुलपाखरे व पतंग यांवरचा त्यांचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात आला. पाठोपाठ 1886 साली महूच्या पतंगांवरचा लेख आला. ज्या महूच्या छावणीत पुढे 1891 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तीच ही महू. आज आपण ज्याला मध्य प्रदेश म्हणतो त्या भूमीतील पतंगांच्या जुन्या छापील नोंदी शोधू लागल्यास स्विन्होंच्या या लेखापाशीही थांबावे लागते.

पुढे ई. सी. कोट्स यांच्या साह्याने स्विन्होंनी 1887 ते 1889 या काळात भारतातील पतंगांची नामावली कलकत्त्यास छापविली. तिच्यावरून मोठे काम उभे केले ते जॉर्ज हॅम्पसन यांनी. हे मूळचे निलगिरीतील चहामळेवाले. मळ्यात राहून त्यांना पतंगांचा नाद लागला आणि तो नाद त्यांना थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत घेऊन गेला. 1892 ते 1896 या चार-पाच वर्षांत त्यांनी भारतीय पतंगांचे चार खंड लिहिले, आणि साडेपाच हजारांवर जातींची वर्णने एका माळेत ओवली. आजही कोणी हौशी माणूस एखाद्या अनोळखी पतंगाचे नाव शोधू लागला की वाट या चार खंडांतूनच जाते.

या खंडांविषयी मला एकच तक्रार करावीशी वाटते, आणि ती एका शिक्षकाची तक्रार आहे. प्रत्येक जातीच्या वर्णनाखाली ती कोठे सापडते हे दिलेले असते. दुर्मीळ जातीला सिक्कीम, खासी टेकड्या, निलगिरी असे मानाचे पत्ते मिळतात. परंतु जी जात सर्वत्र आढळते तिच्यापुढे ‘सर्व हिंदुस्थान’ एवढे दोनच शब्द असतात. त्या दोन शब्दांत सिल्लेवानीचा घाट आला, कन्हान नदी आली, सौंसरची काळी जमीन आली. पण नाव कोणाचेच आले नाही. वर्गातील हुशार आणि उनाड मुले शिक्षकाच्या लक्षात राहतात, मधली पन्नास मुले ‘बाकी सर्व हजर’ या सदरात जातात, तसेच हे झाले. अशा नोंदीची खरी अडचण पुढे कळते. शंभर वर्षांनी एखाद्या गावातून ती जात नाहीशी झाली, तर ती तेथे पूर्वी होती याला पुरावा कोणता?

स्थळाची आठवण ठेवून काम केले ते कारवारच्या मंडळींनी. साताऱ्यास 1851 साली एका स्कॉच मिशनऱ्याच्या घरी जन्मलेले, काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविलेले आणि नंतर मीठ व जकात खात्यात गेलेले एडवर्ड एटकेन. उत्तर कानड्याचे कलेक्टर जेम्स डेव्हिडसन. आणि जंगल खात्याचे थॉमस बेल, असे हे त्रिकूट होते. यांतील बेलसाहेबांची रीत मला सर्वांत अधिक पटते. दिव्यावर आलेला पतंग टाचणीने टोचून पेटीत ठेवला की त्याची ओळख झाली, असे ते मानीत नसत. अळी कोणत्या झाडाचे पान खाते, कोश कोठे करते, किती दिवसांनी पतंग बाहेर पडतो, हे सारे घरी पाळून पाहावयाचे, असा त्यांचा क्रम होता. एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला हॉक मॉथ, म्हणजे ससाण्याच्या वेगाने उडणाऱ्या पतंगांचा खंड 1937 साली निघाला. त्या वेळी बेलसाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. कंदील धरणारे, झाडावर चढून अळ्या काढणारे आणि कोणत्या वेलीवर कोणता सुरवंट येतो हे मुळात ठाऊक असलेले जे गावकरी या साहेबलोकांबरोबर रानात हिंडले असतील, त्यांची नावे मात्र या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नाहीत.

तसे पाहिले तर पतंग ओळखण्याची विद्या आपल्याकडे साहेबांच्या पूर्वीची आहे. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागातील ढिवर समाज पिढ्यानपिढ्या टसर रेशमाचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसत आला. टसरचा पतंग कोशातून केव्हा बाहेर येईल, मादी अंडी केव्हा घालील, पावसाची कोणती झड अळीला मानवते आणि कोणती मारते, हे त्यांना तोंडपाठ असते. या पतंगाला तोंड असून नसल्यासारखे आहे. कोशातून निघाल्यापासून मरेपर्यंत तो काही खात नाही. अळीपणी खाल्लेल्या पानांवर त्याचे दोन-चार रात्रींचे आयुष्य निघते.

आमच्या भागाचे तोंड त्या काळी नागपूरकडे होते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत सौंसरची राजधानी नागपूर होती. नंतर ती भोपाळ झाली, आणि 2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. नागपुरास 1863 साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच आपला अजब बंगला. तेथील अभिरक्षक ई. ए. डि’आब्रू यांनी 1931 साली मध्य प्रांतातील फुलपाखरांची एकोणचाळीस पानांची यादी संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केली. आमच्या प्रांताच्या नावाची ही यादी पाहून समाधान वाटते. परंतु ती दिवसा उडणाऱ्यांची आहे. रात्रीचे पान तिच्यात नाही.

आणि श्रोतेहो, सौंसरच्या संत्रेवाल्याला गरज आहे ती नेमकी रात्रीच्या पानाची. आंबिया बहाराची संत्री पावसाळ्याच्या उत्तरार्धात रंग धरू लागली की बागेत फळगळ सुरू होते. खाली पडलेले फळ उचलून पाहावे तो सालीवर टाचणीने टोचल्यासारखे एक भोक असते. भोवतालचा भाग मऊ पडलेला, दाबला तर रस येतो, आणि दोन-चार दिवसांत फळ सडते. दिवसभर बाग धुंडाळली तरी गुन्हेगार सापडत नाही. कारण तो दिवसा पालापाचोळ्यात वाळक्या पानासारखा पडून असतो, आणि अंधार पडल्यावर कामाला निघतो. हाच रसशोषक पतंग. बसलेला असताना तपकिरी, कळाहीन. परंतु पुढचे पंख उघडले की आतून संत्र्याच्याच रंगाचे, काळ्या पट्ट्यांचे मागचे पंख दिसतात. जणू ज्याची चोरी करावयाची त्याचाच गणवेश आत घातला आहे!

बहुतेक पतंगांची सोंड मध चोखण्यापुरती मऊ असते. याची सोंड टोकाशी कठीण आणि दातेरी असते, म्हणून ती संत्र्याची साल भेदू शकते. ही गोष्ट जगाला 1875 साली नीट कळली. थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या सोंडेची तपासणी करून लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यातच या प्राण्याला ‘संत्री चोखणारा पतंग’ असे म्हटले. याच पतंगाच्या एका भाईबंदाला लिनिअसने अठराव्या शतकात ‘मातेर्ना’, म्हणजे मातेची, असे लॅटिन नाव देऊन ठेवले होते. ज्यांच्या आजोबांनी मिस्सा लॅटिनमधून ऐकली त्या आम्हा लोकांना हे नाव सौंसरच्या बागेत ऐकून थोडी गंमत वाटते.

या पतंगाची अळी संत्र्याच्या झाडाला तोंडही लावीत नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर. म्हणून बागेच्या आसपासच्या या वेली काढून टाकाव्यात, संध्याकाळी बागेत धूर करावा, पडलेली फळे गोळा करून पुरावीत आणि गुळाच्या पाण्यात औषध घालून आमिष टांगावे, असा कृषिशास्त्राचा सल्ला आहे. यांतील पहिल्या सल्ल्याने शेतकरी घुटमळतो. 2020 च्या साथीत घरोघरी ज्या गुळवेलीचा काढा उकळला गेला, तीच बांधावरून उपटा असे म्हटल्यावर तो घुटमळणारच. वैद्याचे औषध आणि चोराचा पाळणा एकाच वेलीवर आहेत. अशा वेळी कोणत्या महिन्यात, रात्रीच्या कोणत्या प्रहरी, किती पतंग बागेत येतात हे जर वहीत लिहिलेले असेल, तर वेल केव्हा काढावी आणि धूर केव्हा करावा हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

वहीची ही किंमत सर्वांआधी ओळखली ती इंग्लंडातील रॉथॅमस्टेड या शेतकी संशोधन केंद्रातील सी. बी. विल्यम्स यांनी. 1933 पासून चार वर्षे त्यांनी शेताच्या कडेला एक दिवा-सापळा रोज रात्री लावला. थंडी असो, पाऊस असो, सापळा चुकला नाही. आणि सकाळी प्रत्येक पतंग ओळखून मोजला गेला. चार वर्षांत एकूण 15,609 पतंग आणि 240 जाती भरल्या. त्यांत एकट्या एका जातीचे 2,349 पतंग होते. उलट 35 जाती अशा होत्या की चार वर्षांत त्यांचा एकेकच पतंग आला. हे आकडे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या हाती गेले आणि 1943 साली त्यांवरून एक सूत्र निघाले. थोड्यांची गर्दी आणि बहुतांची विरळाई हा निसर्गाचा जमाखर्च त्या सूत्रात बसतो, आणि आजही कोणत्याही रानाची समृद्धी मोजताना ते वापरतात. ज्या पस्तीस पतंगांपैकी प्रत्येक जण एकटाच आला, त्यांना ‘एकटा आहे, सोडून द्या’ म्हणून वगळले असते तर हे सूत्र निघाले नसते.

पुढे 1950 साली रॉबिन्सन बंधूंनी नवा सापळा बनविला. एक पिंप, वर नरसाळे, नरसाळ्यावर पाऱ्याच्या वाफेचा दिवा. पतंग दिव्याभोवती घिरट्या घालतो, नरसाळ्यातून आत घसरतो, आणि आत ठेवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांत निमूट बसून राहतो. सकाळी झाकण काढावयाचे, नोंद करावयाची आणि सर्वांना जिवंत सोडून द्यावयाचे. सायनाइडच्या बाटलीची गरज उरली नाही, आणि त्यामुळे ही हौस घराच्या अंगणात आली.

पतंग दिव्याकडे का येतो, हा प्रश्न मात्र कवींना आणि शास्त्रज्ञांना सारखाच छळीत होता. कोणी म्हणे प्रेम, कोणी म्हणे दिव्याला तो चंद्र समजतो. 2024 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील सॅम्युएल फॅबियन, भारतीय संशोधक यश सोंधी आणि त्यांचे सहकारी यांनी वेगवान कॅमेऱ्याने उड्डाणे टिपून निराळेच उत्तर दिले. रात्री जमिनीपेक्षा आकाश अधिक उजळ असते. म्हणून उजेडाकडे पाठ करून उडणे ही कीटकाची सरळ राहण्याची युक्ती आहे. मध्येच दिवा आला की तो दिव्याकडेही पाठच करू पाहतो, त्यामुळे गिरकी घेतो, उलटा होतो आणि तेथेच अडकून पडतो. म्हणजे ज्याला आपण शतकानुशतके प्रीतीचा आदर्श मानले, तो बिचारा नुसता वर कोणते आणि खाली कोणते हे विसरलेला असतो. पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात पतंग कमी येतात ते का, याचाही काही उलगडा यावरून होतो. विल्यम्स यांनी हे 1936 सालीच नमूद केले होते, आणि जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयात डॉ. वैशंपायन यांनी हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पतंगावर चांदण्याचा परिणाम तपासला होता. म्हणून वहीत तिथी लिहिणे आवश्यक आहे. अमावास्येचे शंभर आणि पौर्णिमेचे वीस यांची थेट तुलना होत नाही.

दिव्यावाचूनही पतंग बोलावता येतो, हे दाखविले ते फ्रान्सच्या एका शाळामास्तरांनी. आंरी फाब्र हे बरीच वर्षे शाळेत शिकवून पोट भरीत, आणि उरलेला वेळ किड्यांना देत. त्यांच्या घरी जाळीखाली ठेवलेल्या मोठ्या मोरपतंगाच्या एका मादीसाठी त्या रात्री चाळीसएक नर अंधारातून घरात शिरले. हे नर डोळ्यांनी येत नाहीत, आपल्याला न कळणाऱ्या एखाद्या गंधाने येतात, या निष्कर्षाकडे फाब्र आपल्या प्रयोगांनी येऊन पोचले. तो गंध हाती लागण्यास 1959 साल उजाडले. जर्मनीच्या आडोल्फ बुटेनांट यांनी पाच लक्ष रेशीमपतंगांतून तो वेगळा काढला. मग एकेका जातीचे गंध सापडत गेले, आणि 1973 साली कपाशीच्या शेंदरी बोंडअळीच्या पतंगाचाही सापडला.

ही बोंडअळी म्हणजे आपलीच जुनी ओळख. 1842 साली भडोचच्या कपाशीवर ती सापडली आणि 1843 साली सॉन्डर्स यांनी तिच्या पतंगाला शास्त्रीय नाव दिले. 2002 पासून आलेल्या बीटी कपाशीने ती काही वर्षे दबली. परंतु पुढे तिने त्या वाणालाही दाद देणे सोडले, आणि 2017 साली विदर्भात तिने केलेला विध्वंस शेतकरी विसरलेला नाही. आज कपाशीच्या शेतात जे कामगंध सापळे काठीला टांगलेले दिसतात, त्यांतील लहानशा वडीत हाच मादीचा गंध असतो. सापळ्यामागे रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले, की उपाय योजावा, असा दंडक आहे. म्हणजे पहा, रोज सकाळी पिशवी सोडून पतंग मोजणारा शेतकरी हा स्विन्हो आणि विल्यम्स यांच्याच पंक्तीला बसलेला आहे. फरक इतकाच की त्याची मोजणी तोंडी असते, आणि हंगाम संपला की ती आकड्यांसह कचऱ्यात जाते.

असे आकडे जपून ठेवले तर काय होते, याची दोन उदाहरणे आहेत. जर्मनीतील क्रेफेल्ड गावी 1905 साली स्थापन झालेले हौशी कीटकप्रेमींचे एक मंडळ आहे. त्यांनी 63 संरक्षित ठिकाणी 27 वर्षे सापळे लावून पकडलेल्या कीटकांचे वजन लिहून ठेवले. 2017 साली तो हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा उडणाऱ्या कीटकांचे वजन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे दिसले, आणि सारे जग हादरले. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या परंपरेतील सापळ्यांवरून कळले की 1968 ते 2017 या पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची संख्या तेहेतीस टक्क्यांनी उतरली. हे काम सरकारी फर्मानाने नव्हे, बहुतांशी अंगणात दिवा लावणाऱ्या सामान्य लोकांनी केले. 2012 पासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पतंग-सप्ताह पाळण्याची प्रथा अमेरिकेतून सुरू झाली आहे आणि भारतातही अनेक ठिकाणी तो पाळतात. जुलै म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. पतंगांचाही तोच हंगाम.

सौंसर, लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, कोठेही हे काम करता येईल, आणि त्याला खर्च थोडा आहे. दोन बांबूंना बांधलेली पांढरी चादर, समोर एक दिवा, आणि एक आखलेली वही. वीज नसेल तेथे पेट्रोमॅक्सची बत्ती चालते. दिव्याने न येणाऱ्यांसाठी सडलेली केळी आणि गूळ कालवून झाडाच्या खोडाला लेप द्यावा. रसशोषक पतंग दिव्यापेक्षा या वासाला अधिक भुलतो. वहीत तारीख आणि तिथी, गावाचे व शेताचे नाव, दिवा कोणत्या प्रकारचा, किती वाजता लावला व काढला, पाऊस व वारा, आणि मग पतंगांची संख्या लिहावी. शास्त्रीय नाव येत नसेल तर ‘अ’, ‘आ’ लिहून प्रत्येकाचे छायाचित्र काढून ठेवावे. नाव पुढे केव्हाही शोधता येते, गेलेली रात्र शोधता येत नाही. संत्र्याची बाग, कपाशीचे शेत आणि सिल्लेवानीच्या घाटातले सागाचे रान, अशा तीन ठिकाणी एकाच रात्री तीन चादरी लागल्या तर तिन्हींचा फरक पहिल्याच पावसाळ्यात डोळ्यांना दिसेल. सागाच्या पानांची पावसाळ्याअखेर जी जाळी होते, तीही एका पतंगाच्या अळीचीच करणी. तिचा पतंग घाटातल्या चादरीवर केव्हा दिसू लागतो, हे त्या वहीत आपोआप उतरेल.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. पहाट फुटण्यापूर्वी चादर काढावी आणि तिच्यावर बसलेले पतंग दूर झुडुपांत हलक्या हाताने झटकावेत. उशीर झाला तर कोतवाल पक्षी तारेवर येऊन बसतो, आणि मोजणी संपण्याआधीच एकेक पतंग उचलून नेऊ लागतो.